भिंतीपलीकडं सरकारी जागा, अलीकडं आपली बोअर: सुरुवात कुठून करायची

पहिलंच सांगते, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत बोअरचं पिवळं पाणी भरून भिंतीपलीकडच्या खात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला जाऊ नका. मी ठेवली होती. साहेबांनी बाटली उजेडात धरली, दोन मिनिटं आमच्याबरोबर हळहळले, चहा पाजला, बघतो म्हणाले, आणि आम्ही सहा-सात बायका काहीतरी मोठं करून आल्यासारख्या रिक्षात बसून घरी आलो. महिन्याभरानं परत गेलो तर साहेबांची बदली झालेली, नव्या साहेबांना काही माहीत नाही आणि टपालाच्या रजिस्टरला आमच्या नावाची एक ओळ नाही. बाटलीचं काय झालं देव जाणे, बहुतेक कुंडीत ओतली असेल.

आमच्या वस्तीची मागची भिंत नाशकातल्याच एका सरकारी जागेला लागून आहे. कुठल्या ते लिहीत नाही, अर्ज अजून चालू आहेत. पण नाशिकमध्ये अशा भिंती कमी नाहीत, पाथर्डीकडचा कचरा डेपो आहे, तपोवन, आगरटाकळी, चेहेडीची मलनिस्सारण केंद्रं आहेत, एकलहऱ्याचं ६३० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आणि त्याची राख आहे, शिवाय केंद्र सरकारचे कारखाने, डेपो, लष्कराच्या जागा. या सगळ्याच जागा खराब आहेत असं मी म्हणत नाहीये, ते तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. मी सांगतेय ते तपासायचं कसं आणि तपासल्यावर कागद कुठं न्यायचा एवढंच.

खासगी कंपनी असती तर एका अर्थानं सोपं असतं. इथं घाण करणारं खातं सरकारचं, तपासणारं खातं सरकारचं, आणि दोघांचे साहेब एकाच लग्नात एकाच पंगतीला. म्हणून लोक आधीच हात टेकतात, "सरकारवर कोण केस करणार" वगैरे. तर हे पाठ करून ठेवा, १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम ४८ आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १७, दोन्ही खास सरकारी खात्यांसाठीच आहेत, खात्याकडून उल्लंघन झालं तर खातेप्रमुखाला जबाबदार धरतात. सरकारी जागा आहे म्हणून कायदा गेटबाहेर थांबत नाही. बोलताना हे एकदा शांतपणे म्हणून बघा, समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी जागा नक्की कुणाची ते काढा, अंदाजानं बोलू नका. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर शोधा, सातबारा ऑनलाइन दिसतो, गावठाण आणि सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर प्रॉपर्टी कार्ड. आम्ही वर्षभर एका खात्याशी भांडत होतो आणि उताऱ्यावर मालक दुसरंच खातं निघालं, पहिलं खातं फक्त वापरणारं, आणि रोजचं काम तिसऱ्याच ठेकेदाराकडं. म्हणजे तीन नावं. तिन्ही लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्जात तिन्ही टाका, नाहीतर ही तिघं तुम्हाला एकमेकांकडं पाठवत राहतात आणि तुमच्या चपला झिजतात.

मग जागा कुठल्या प्रकारची ते ठरवा, कारण नियम वेगळे लागतात आणि इथंच बरेच अर्ज घसरतात. केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढलेत, त्यात स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून एखादी जागा "संशयित दूषित" म्हणून कळवू शकतं, मग प्राथमिक तपासणीला ९० दिवस, त्यात काही सापडलं तर सविस्तर तपासणीला अजून तीन महिने, आणि दोषी कोण ते ठरवून साफसफाईचा खर्च त्याच्याकडून. ऐकायला भारी आहे. पण यातून साधे कचरा डेपो वगळलेत, खाणी आणि किरणोत्सारी कचराही, त्यांना आपापले वेगळे कायदे. डेपोत घातक रसायनं मिसळून त्यांचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं असेल तर मात्र हे नियम लागू शकतात, म्हणून नुसतं "कचऱ्याचा वास येतो" लिहाल तर अर्ज एका टेबलावर जाईल आणि "बोअरच्या पाण्यात शिसं सापडलं" लिहाल तर दुसऱ्या. राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना बघायची, किती राख निघाली, किती वापरली ते औष्णिक केंद्रानं दर महिन्याला कळवायचं असतं, तो आकडा मागता येतो. मलनिस्सारण केंद्र असेल तर बीओडी हा शब्द शिकून घ्या, बाहेर सोडलेल्या पाण्यात किती घाण शिल्लक आहे त्याचं ते माप. जुनी केंद्रं लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या हिशोबानं बांधलेली, आता १० ची अपेक्षा आहे, हा फरक माहीत असला की "आमचं केंद्र नीट चालतं" या वाक्याला प्रश्न विचारता येतो.

पाण्याचा नमुना. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमची पहिली दोन वर्षं इथंच वाया गेली.

टीडीएस मीटर सगळ्यांकडं असतो हल्ली, आरओवाला फुकट मोजून देतो. तो पाण्यात क्षार किती एवढंच सांगतो. शिसं, आर्सेनिक, क्रोमियम त्याला दिसत नाही, टीडीएस ३०० असलेल्या पाण्यातही शिसं असू शकतं. पण रोज बघायला मीटर चांगला, कारण आकडा एकदम उडी मारला की काहीतरी झालंय हे कळतं. आमच्याकडं आधी मीटरनं नाही, चहानं सांगितलं, शेजारच्या काकूंचा चहा फाटायला लागला, दुधवाल्याशी दोनदा भांडण झालं, शेवटी त्यांनी एक दिवस नळाच्या पाण्याचा चहा केला आणि तो फाटला नाही. पलीकडं ज्यांची द्राक्षबाग आहे ते अण्णा तर आधीपासून म्हणत होते की पानांच्या कडा जळतायत, विहिरीचं पाणी बदललंय, आम्ही मनावर घेतलं नाही. हे सगळं तारखेसकट वहीत लिहा, लॅबचा रिपोर्ट एका दिवसाचा असतो, वही वर्षभराची.

नमुना घेताना बोअर दहा मिनिटं तरी चालू ठेवा, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. बाटली लॅबकडूनच मागून घ्या, कोल्ड्रिंकची नाही. रसायनांच्या तपासणीची साधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली असते ती मात्र विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात लॅबवाले आधीच अॅसिडचे थेंब टाकून देतात, ती पण विसळायची नाही, आणि लहान पोरांच्या हातात अजिबात द्यायची नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून बोअर कुणाची, तारीख, वेळ, कुणी घेतला. मोबाइलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा असतो त्यानं फोटो, आणि वस्तीतल्या दोघांच्या सह्या. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची बघा, किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, तिथं खर्च कमी येतो.

आणि हे कुणी सांगत नाही, नुसत्या खराब बोअरचा नमुना घेऊ नका. जागेच्या वरच्या अंगाला, म्हणजे उताराच्या चढाकडच्या बाजूला जी विहीर आहे तिचाही त्याच दिवशी घ्या. वरचं पाणी चांगलं आणि खालचं खराब, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मग "तुमच्या भागात पाणी मुळातच खारं आहे" हे उत्तर चालत नाही. आम्हाला हे उत्तर लेखी मिळालं होतं, कारण आम्ही पाचही नमुने खालच्या अंगाचेच घेतले होते. हुशारी.

अजून एक, आपल्या नाशकात खाली काळा कातळ आहे, पाणी वाळूतल्यासारखं सरळ पसरत नाही, भेगांतून जातं. त्यामुळं भिंतीला खेटून असलेली बोअर चांगली आणि दोन गल्ल्या सोडून तिसरी नासलेली असं होतं, त्यावरून वस्तीत भांडणं लागतात की बघा ह्यांचं तर चांगलंय, हे उगाच बोंबलतात. सगळ्या बोअरची खोली विचारून नकाशावर मांडा, मग चित्र दिसायला लागतं. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा घ्या, पावसानं आकडे बदलतात.

काय तपासायचं ते जागेवरून ठरवा, सगळंच तपासायला गेलात तर बिल बघून चक्कर येईल. कचऱ्यासाठी क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, सीओडी (बीओडीसारखंच घाणीचं माप) आणि शिसं, कॅडमियम, क्रोमियम. राखेसाठी आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, सल्फेट, फ्लोराइड. वर्कशॉप, प्लेटिंग असेल तर क्रोमियम आणि निकेल, इंधनाचा डेपो असेल तर बेन्झीन आणि तेल. सांडपाण्यासाठी ई-कोलाय आणि नायट्रेट. रिपोर्ट आला की आयएस १०५०० शी ताडून बघा, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे ते, नायट्रेट ४५, शिसं ०.०१, आर्सेनिक ०.०१, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. आणि तोपर्यंत पाणी उकळून प्या असं कुणी सांगितलं तर जंतूंपुरतं बरोबर आहे, धातू आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की घट्ट होतात. बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळासाठी तर नायट्रेटचं पाणी वापरूच नका.

कागदाची गोष्ट. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. याला पोच म्हणतात आणि पोच नाही तर अर्ज नाही. खिडकीवरचा माणूस म्हणेल ठेवून जा ताई, शिक्का नंतर मारतो, नाही, तिथंच उभं राहायचं, जेवणाची सुट्टी झाली तर डबा सोबत न्यायचा. आमच्यातल्या एक मावशी पावणेदोन तास खिडकीपाशी विणकाम करत बसल्या होत्या, शेवटी त्या माणसानंच हाक मारून शिक्का दिला. पोच मिळतच नसेल तर रजिस्टर पोस्ट, पावती फाइलला.

मग माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून पाल्हाळ लावू नका, आणि "पाणी का खराब झालं" असा प्रश्न विचारू नका, का-कशाला ही माहिती होत नाही म्हणून परत येतं. कागद मागा. म्हणजे असं लिहा: "गट नंबर अमुक येथील केंद्रास प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले गेल्या पाच वर्षांचे संमतीपत्र, त्या काळातील पाण्याच्या व सांडपाण्याच्या नमुन्यांचे सर्व तपासणी अहवाल, आणि या काळात दिलेल्या सर्व नोटिसा यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." संपलं. हा अर्ज त्या खात्याला नाही, मंडळाला टाका, नाशिकचं त्यांचं ऑफिस सातपूरला त्र्यंबक रोडवर उद्योग भवनात आहे. खात्यानं लपवलेलं मंडळाच्या फाइलीत सापडतं. आम्हाला त्यात नोटीस सापडली, म्हणजे आम्ही बाटली घेऊन गेलो त्याच्या आधीच मंडळानं त्या खात्याला लिहिलेलं होतं की तुमचं पाणी बाहेर जातंय. साहेब हळहळत होते तेव्हा ती नोटीस त्यांच्याच कपाटात असणार.

संमतीपत्राच्या, म्हणजे मंडळ केंद्र चालवायला जी परवानगी देतं तिच्या, अटी बघायला तर माहिती अधिकारही लागत नाही, पाणी कायद्याच्या कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणं मंडळाचं रजिस्टर बाधित माणसाला बघता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं, माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईला जायची गरज नाही. जागा केंद्र सरकारची असेल तर त्यांच्या पोर्टलवर अर्ज आणि दिल्लीचा आयोग. लष्कराशी संबंधित असेल तर सुरक्षेचं कारण सांगून नकार येतो, तेव्हा माहिती अधिकार कायद्याचं कलम १० दाखवा, गुप्त भाग काळा करून उरलेलं द्यावं लागतं, तुमच्या बोअरच्या बाजूला काढलेलं पाणी काही गुप्त नाही. मात्र अशा भिंतीवर चढून फोटो, ड्रोन, पोरांना आत पाठवणं हे बिलकुल नको, पाणी राहील बाजूला आणि तुमच्यावर केस होईल.

दारं कुठली ठोठवायची. मंडळाकडं लेखी तक्रार, त्यात त्यांनी स्वतः नमुना घ्यावा अशी मागणी, आणि आमच्या समोर घ्यावा असं लिहा. जिल्हाधिकाऱ्यांकडं २०२५ च्या नियमांखाली जागा संशयित यादीत घ्यावी असा अर्ज, सोबत दोन्ही अंगांचे रिपोर्ट. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, त्याच दिवशी जाऊन हात हलवत परत येऊ नका. आणि एक जुनं हत्यार लोक विसरलेत, प्रांतांकडं सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज, आधी फौजदारी संहितेचं कलम १३३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याच कलमावर १९८० मध्ये रतलामच्या रहिवाशांनी नगरपालिकेला सुप्रीम कोर्टात हरवलं होतं, उघडी गटारं होती तिथं, नगरपालिका म्हणाली निधी नाही, कोर्ट म्हणालं ते कारण चालणार नाही. "सध्या बजेट नाही" हे वाक्य तुम्ही पहिल्या मीटिंगला ऐकणारच, रतलामचा निकाल छापून न्या.

दुसरं वाक्य ऐकाल, "तुम्हीच नंतर राहायला आलात." आमच्यातले निम्मे लोक गावठाणातले, त्यांच्याच जमिनी संपादनात गेल्या, आणि उरलेल्यांकडून महापालिका घरपट्टी घेते. कॉलनीत गंगापूर धरणाचं पाणी येतं, आमच्या टोकाला पुरेसं येत नाही म्हणून बोअर, म्हणजे घाणीच्या जवळ जो सगळ्यात गरीब तोच ते पाणी पितो. हे मीटिंगमध्ये आरडाओरडा न करता सांगा, कुणाच्या घरी नळ आहे आणि कुणाच्या नाही याची यादीच द्या. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही, अमेरिकेत कॅम्प लेज्यून नावाचा लष्करी तळ आहे, तिथं १९५३ ते १९८७ सैनिकांच्या कुटुंबांनी रसायनं मिसळलेलं पाणी प्यायलं आणि भरपाईचा दावा करू देणारा कायदा २०२२ साली आला. तिकडचा दूषित जागा साफ करायचा सुपरफंड कायदा १९८० चा, १९८६ पासून त्यात सरकारी जागांसाठी स्वतंत्र कलम, तरी एवढा वेळ. म्हणून वही आजच सुरू करा म्हणते.

हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट, पुण्याला आहे. भरपाई न मागता अर्ज केला तर फी हजार रुपये, भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का. मुदत जपा, न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ च्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिने, कलम १५ खाली नुकसानभरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची असेल तर पाच वर्षं, दोन्हीला वर ६० दिवसांची सवलत मिळू शकते पण तिच्या भरवशावर राहू नका. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, कॉलेजची पोरं कामाला लावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्जदार म्हणून वस्तीतल्या बायकांची नावं पुढं घाला, घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाही. आमच्यात यावरून दोन घरांत रुसवे झाले, होऊ द्या.

मागताना क्रम ठेवा. आधी पाणी, टँकर किंवा नळजोडणी, आत्ता, कारण कुणाची चूक हे ठरेपर्यंत माणसं तहानलेली राहू शकत नाहीत. मग खराब बोअरवर लाल फलक, मग जागेभोवती तपासणीच्या बोअर आणि त्यांचे आकडे दर तीन महिन्यांनी चावडीवर. साफसफाई त्यानंतर. भरपाई शेवटी. उलट्या क्रमानं मागितलंत तर "पैशासाठी करतायत" असा शिक्का बसतो. आणि आजारांची यादी करताना आशाताईंना सोबत घ्या, केसपेपर जपून ठेवा, पण "या पाण्यानंच कॅन्सर झाला" असं स्वतःहून लिहू नका, ते सिद्ध करायला आपल्याकडं काही नसतं आणि त्या एका वाक्यावर बाकीचा चांगला अर्ज उडवतात. आरोग्य तपासणी करा एवढंच मागा. कुणाचं आजारपण ग्रुपवर टाकू नका.

आमचं सध्या एवढं झालंय की टँकर दिवसाआड येतो आणि मंडळाचे लोक एकदा नमुना घेऊन गेले, आमच्यासमोर, त्याचा रिपोर्ट मागायचा अर्ज टाकलाय. आमचा स्वतःचा पुढचा नमुना पाऊस उघडला की, यावेळी वरच्या अंगाच्या दोन विहिरी धरून सात. बाटल्यांचं सांगून ठेवलंय, बर्फाचा डबा कुल्फीवाल्या मामांकडून मिळतोय, फक्त तो दुपारी चारच्या आत परत द्यायचाय.